शंभर वॅट, एक तार आणि पन्नास मिनिटं

ताई, सप्रेम नमस्कार. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, परवाना मिळून दोन वर्षं झाली. माझ्याकडे शंभर वॅटचा रिग (रेडिओसंच) आहे आणि गच्चीवर दहा मीटर उंचीला ताणलेला २० मीटर बँडचा (सुमारे वीस मीटर तरंगलांबीच्या लहरींचा) साधा डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना. गेल्या सीक्यू वर्ल्ड वाइडच्या एसएसबी (आवाजाच्या) कॉन्टेस्टमध्ये, म्हणजे ठरल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायच्या स्पर्धेत, मोठ्या हौसेने उतरलो. हाका मारून मारून घसा बसला. एका दुर्मिळ बेटावरच्या स्टेशनला सलग पन्नास मिनिटं बोलावत होतो, त्याने ऐकलंच नाही. मग स्वतः सीक्यू (‘कुणीही या’ अशी हाक) दिला, तर दहा मिनिटांत एकच जण आला आणि नंतर एका दणदणीत सिग्नलने माझी फ्रिक्वेन्सीच बळकावली. अठराव्या तासाला रिग बंद करून टाकला. एकूण ३४ क्यूएसओ, म्हणजे पूर्ण झालेली संभाषणं. ओळखीतले एक ज्येष्ठ हॅम म्हणाले, ‘टॉवर आणि अँप्लिफायर नसला तर आपण तिथे फक्त दुसऱ्यांचे गुण वाढवायला असतो.’ लाज वाटून लॉगही (संभाषणांची नोंदही) पाठवला नाही. घरचे विचारतात, दार लावून बसून मिळवलंस काय? आता अँप्लिफायरसाठी पैसे साठवू की हा नादच सोडू?
– एक हिरमुसलेला हॅम

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पन्नास मिनिटांपाशी अडखळले. शंभर वॅटवर तुमचा राग आहे, उंचीवर आहे, त्या दणदणीत सिग्नलवर तर आहेच. पण तुमचं खरं नुकसान त्या पन्नास मिनिटांनी केलं, आणि त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. माझं स्टेशनही तुमच्याच तोलाचं आहे. बँड बरा असेल तर दुसऱ्यांचे सीक्यू शोधत फिरून मी तासाला वीस-पंचवीस क्यूएसओ करते. म्हणजे त्या एका बेटापायी तुम्ही पंधरा-वीस क्यूएसओवर पाणी सोडलंत. तुमच्या एकूण बेरजेच्या निम्मे. एवढं तुमचं नुकसान कमी पॉवरमुळे खचितच झालेलं नाही.

आधी अँप्लिफायरचा विषय निकालात काढू. शंभर वॅटचे हजार केलेत की दहा डेसिबल वाढतात. सिग्नलची ताकद मोजायचं एक एस-युनिट म्हणजे सहा डेसिबल धरतात, म्हणजे समोरच्याच्या मीटरचा काटा पावणेदोन घरंही पुढे सरकणार नाही. फरक पडतो, नाही असं नाही. काठावरच्या हाका त्याच्या कानापर्यंत पोचतात. पण तुम्हाला स्वतःला त्याने एक शब्दही जास्त ऐकू येणार नाही. शिवाय एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: या कॉन्टेस्टमध्ये लो पॉवर गटाची मर्यादा शंभर वॅटचीच आहे. अँप्लिफायर जोडलात की तुम्ही हाय पॉवर गटात गेलात, म्हणजे ज्यांच्याकडे टॉवरवर टॉवर आहेत त्यांच्या पंगतीला. आज तुम्ही आपल्या तोलाच्या लोकांत आहात. पैसे खर्चून तिथून उठायची घाई कशाला? पैसे असू द्या जवळ. तारेला आणि कोअॅक्सला (अँटेनाच्या केबलला) लागतील.

आता तुमच्या त्या ज्येष्ठांविषयी. ‘दुसऱ्यांचे गुण वाढवायला’ हे त्यांचं म्हणणं खरं आहे. फक्त त्यातून त्यांनी काढलेला अर्थ मला पटत नाही. गुण काही एका बाजूला पडत नाहीत. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनशी क्यूएसओ झाला की तीन गुण त्याला आणि तीनच तुम्हाला, मग त्याचा टॉवर केवढाही असो. मोठ्या स्टेशनांची गोची अशी की पहिल्या दिवशी ती एकमेकांशी बोलून मोकळी होतात. एका बँडवर एका स्टेशनशी एकदाच क्यूएसओ धरला जातो. रविवारी दुपारपर्यंत त्यांची ताटं रिकामी झालेली असतात. तेव्हा तीच दणदणीत मंडळी मिनिटामिनिटाला सीक्यू देत बसतात आणि कुणी क्षीण आवाजात हाक मारली तरी कानात प्राण आणून ऐकतात. शनिवारी ज्याच्याभोवती झुंबड होती, तो रविवारी तुमची वाट बघत असतो. आणि तुम्ही अठराव्या तासाला उठलात! ४८ तासांच्या स्पर्धेत तीस तास शिल्लक असताना, नेमका बाजार तुमच्या बाजूने फिरायच्या आधी.

म्हणून माझा पहिला सल्ला: पुढच्या वेळी शनिवारी हात राखून बसा, रविवारी मनसोक्त बसा. घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. ४८ तास दार लावून बसायची सक्ती कुणीच केलेली नाही. शनिवारी सूर्योदयाच्या आसपास दोन तास, सूर्यास्ताला दोन, आणि रविवारी एक मोठी बैठक. हेडफोन लावा, दार उघडं ठेवा. तुमच्या किंचाळण्याचा त्रास मात्र त्यांना होईल. त्यावर उपाय म्हणजे किंचाळू नका. ओरडल्याने मायक्रोफोनमधून जास्त वॅट निघत नाहीत, सिग्नल फाटतो फक्त.

आता फिरायचं कसं ते सांगते. बँडच्या एका टोकाला सुरुवात करा आणि हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरका. जो सीक्यू देतोय त्याचा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) ऐका, लॉगिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. एन१एमएम लॉगर प्लससारखं मोफत सॉफ्टवेअर तो आधी झालाय का ते तिथल्या तिथे सांगतं आणि त्याची फ्रिक्वेन्सी बँडमॅपवर (पडद्यावरच्या यादीत) लावून ठेवतं. दोन हाका मारा, फार तर तीन. ऐकलं नाही तर तो बँडमॅपवर राहू द्या आणि पुढे व्हा. तासाभराने फेरी मारून परत आलात की झुंबड पांगलेली असते, किंवा प्रॉपगेशन (लहरींचा प्रवास) फिरलेलं असतं. हाक मारायच्या आधी एवढंच बघा, की तो तुम्हाला कसा ऐकू येतोय. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग बहुधा सारखाच असतो. तो खणखणीत येत असेल आणि त्याच्याभोवती गर्दी नसेल, तर तुमचे शंभर वॅट त्याला पुरतात. तोच जेमतेम येत असेल आणि भोवती दोनशे जण ओरडत असतील, तर तिथे उभं राहणं म्हणजे गाढवापुढे गीता. त्या बेटाचं असंच झालं असणार.

गर्दीत शिरावंच लागलं तर आधी अर्धा मिनिट नुसतं ऐका. तो कुणाला घेतोय, किती लवकर घेतोय, किंचित वर-खाली ऐकतोय का. सगळे एकदम तुटून पडतात तेव्हा त्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. त्या लाटेच्या शेपटीला, अर्धा श्वास थांबून, आपला पूर्ण कॉलसाइन एकदाच स्वच्छ फोनेटिक्समध्ये (एकेका अक्षरासाठी ठरलेला शब्द वापरून) द्या. शेवटची दोन अक्षरं नाही, पूर्ण. त्याचा कॉलसाइन म्हणू नका, त्याला तो माहीत आहे. आणि त्याने कुणाची तरी अर्धी अक्षरं पकडून विचारली आणि ती तुमची नसतील, तर गप्प बसा. गप्प बसणं हा कॉन्टेस्टमधला सगळ्यात अवघड भाग आहे, माझ्यासारखीला तर फारच.

क्यूएसओत एकमेकांना सांगायचं ते सोपं: फाइव्ह नाइन (सिग्नल कसा आला त्याचा शेरा) आणि तुमचा झोन. जगाचे चाळीस झोन पाडलेत, आणि सॉफ्टवेअर समोरच्याचा झोन कॉलसाइनवरून आपोआप भरतं. तिथे फसायला होतं. अमेरिकेतच ३, ४ आणि ५ असे तीन झोन आहेत. माणूस राहायला दुसरीकडे गेला तरी कॉलसाइन जुनाच राहतो. म्हणून कान उघडे ठेवा, तो जे म्हणतो तेच लिहा. कॉलसाइन चुकीचा लिहिलात किंवा तुम्ही त्याच्या लॉगमध्ये सापडलाच नाहीत, तर तो क्यूएसओ जातो आणि वर त्याच्या दुप्पट गुण कापले जातात. त्यामुळे त्याने तुमचा कॉलसाइन नीट म्हटला की नाही याची खात्री होईपर्यंत एंटर दाबू नका. इंटरनेटच्या क्लस्टरवरचा (कोण कुठे ऐकू येतोय याच्या सामाईक यादीतला) कॉलसाइन न ऐकता उचलणं हा तर पायावर धोंडा पाडून घेण्याचाच प्रकार. तिथे चुका असतात, आणि क्लस्टर वापरलात तर तुमचा गटही असिस्टेडचा (मदत घेणाऱ्यांचा) होतो.

तुमच्या सीक्यूला एकच जण का आला? कारण तुम्ही २० मीटरवर होतात. १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ, एवढीशी गल्ली. त्यातही आवाजाचा भाग त्याहून लहान आणि सगळ्या जगाची वर्दळ तिथेच. तिथे फ्रिक्वेन्सी राखायची तर दांडगाई लागते. ती तुमच्याकडे नाही, आणि नसलेलीच बरी. कुणी अंगावर आलं तर दोन किलोहर्ट्झ सरका, वाद घालू नका; फ्रिक्वेन्सीचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो. आता १० मीटर बघा: २८.० ते २९.७ मेगाहर्ट्झ. दिवसा बँड उघडला की गर्दीच्या जरा वरच्या अंगाला मोकळी जागा सापडते. तिथे आधी ‘फ्रिक्वेन्सी वापरात आहे का’ असं दोनदा विचारा आणि सीक्यू द्या. १० मीटर उघडा असला की साधी तारसुद्धा लांब पोचते. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं आणि आताच्या पंचविसाव्या चक्राचा कळस २०२४ च्या आसपास येऊन गेला. तेव्हा हा बँड जेवढा मिळतोय तेवढा घ्या, पुढे काही वर्षं तो रुसतो.

यासाठी दुसरी तार लागेल, आणि माझ्या मते तुमचा पहिला खर्च हाच असावा. अर्ध-तरंग डायपोलची मीटरमधली लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागतात. २८.५ साठी ती पाच मीटर येते. तार थोडी लांब कापा, मग एसडब्ल्यूआर (तार किती जुळली ते दाखवणारा आकडा) बघत छाटत जा. ही छोटी तार तुमच्या आताच्या डायपोलच्या मध्यावरच, त्याच कोअॅक्सला जोडून, टोकं थोडी दूर ताणून बांधता येते. दोन तारा एकमेकींवर परिणाम करतात, तेव्हा छाटणी पुन्हा एकदा करावी लागेल, वैतागू नका. जागा असेल तर ४० मीटर बँडसाठी वीस मीटर लांबीची तारही ताणा. तिची गंमत अशी की तीच १५ मीटर बँडवरही चालते, कारण तिचे २१ मेगाहर्ट्झ म्हणजे ४० मीटरच्या सातची तिप्पट. एसडब्ल्यूआर थोडा चढा येईल, ते ट्यूनर सांभाळून घेतो.

उंचीचंही सांगून टाकते. दहा मीटर उंची २० मीटर बँडसाठी अर्धी तरंगलांबी होते आणि १० मीटरसाठी पूर्ण. दोन्हीकडे सिग्नल क्षितिजाकडे बऱ्यापैकी खाली झुकतो, म्हणजे दूरची स्टेशनं मिळतात. तीच उंची ४० मीटर बँडसाठी पाव तरंगलांबी, म्हणून तिथला बराचसा सिग्नल सरळ वर जातो आणि जवळपासच्या देशांत उतरतो. रात्री ४० मीटरवर लांबची स्टेशनं तुलनेने कमी मिळाली तर मन खट्टू करून घेऊ नका. शेजारच्या देशांचेही मल्टिप्लायर (गुणक) असतात, आणि ते प्रत्येक बँडवर नव्याने मोजले जातात. एका बँडवर अठरा तास घासण्यापेक्षा तीन बँडवर फिरणं म्हणूनच फायद्याचं. क्यूएसओच्या गुणांच्या बेरजेला मल्टिप्लायरच्या बेरजेने गुणतात, तेव्हा एक नवा देश कधीकधी पाच-सहा साध्या क्यूएसओंच्या बरोबरीचा असतो. पण पन्नास मिनिटांच्या नक्कीच नाही.

आणि कान. ‘बेटाने ऐकलंच नाही’ असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला किती जण ऐकू आले नाहीत, याचा हिशेब कुणी मांडायचा? एक दिवस रिग बॅटरीवर चालवा, घराचा मुख्य स्विच बंद करा आणि एस-मीटरकडे बघा. माझ्याकडे काटा पाचवरून दोनवर आला होता. सगळी कुरकुर माझ्याच घरातली निघाली: एक स्वस्त चार्जर, दोन एलईडी दिवे आणि संगणकाचा पॉवर सप्लाय. मग एकेक उपकरण चालू करत चोर पकडायचा. काही बदलायची, काहींच्या वायरीला फेराइट रिंगेत चार-सहा वेढे द्यायचे, उरलेली कॉन्टेस्टपुरती बंद ठेवायची. अँटेनाच्या तोंडाशी चोक बालुन बसवलात तर कोअॅक्सच्या अंगावरून येणारी कुरकुरही कमी होते. गोंगाट एका एस-युनिटने उतरला, तर समोरच्यांनी पॉवर चौपट केल्यासारखंच झालं की! आणि तेही एकाच वेळी, सगळ्यांनी.

खरं तर याहून मोठा फायदा मोर्समध्ये आहे. एसएसबीला साधारण २४०० हर्ट्झची खिडकी लागते, सीडब्ल्यूला (म्हणजे मोर्सला) अडीचशे हर्ट्झची पुरते. खिडकी दहापट अरुंद, म्हणजे आत येणारा गोंगाटही दहापट कमी. अँप्लिफायर जे दहा डेसिबल देणार होता ते इथे कानाच्या बाजूला फुकटात मिळतात. वेगाला घाबरू नका. समोरचा मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाने वाजवत असला तरी तो तेच तेच वाजवतोय. चार वेळा ऐका, कॉलसाइन जुळला की मग हाक मारा. ५९९ च्या जागी ‘फाइव्ह एन एन’ ऐकू आलं तर गोंधळू नका, नऊसाठी ते नुसतं एन वाजवतात. वर्ल्ड वाइडचा सीडब्ल्यू भाग नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो, एसएसबीनंतर महिन्याभराने.

स्पर्धाही निवडून घ्या. १९४८ पासूनची वर्ल्ड वाइड मोठी खरी, पण नवख्याला मी आधी डब्ल्यूपीएक्स या स्पर्धेकडे पाठवते. एसएसबी मार्चच्या आणि सीडब्ल्यू मेच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी. तिथे मल्टिप्लायर देशांचे नसून कॉलसाइनच्या प्रीफिक्सचे (सुरुवातीच्या अक्षर-आकड्यांचे), त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जण प्रत्येकाला हवा असतो. स्वतःच्या देशातल्या क्यूएसओलाही एक गुण मिळतो, जो वर्ल्ड वाइडमध्ये मिळत नाही. एकट्या ऑपरेटरला ४८ पैकी ३६ तासच बसता येतं, म्हणजे झोपायची मुभाच आहे. साध्या तारा वापरणाऱ्यांना वेगळी यादी आहे आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील त्यांना रुकीची, म्हणजे नवख्यांची. तुमच्या हातात वर्षभर उरलंय, ते वाया घालवू नका. दोन दिवस जड वाटत असतील तर जुलैच्या दुसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारची आयएआरयू स्पर्धा २४ तासांतच आटोपते.

त्याच आयएआरयू स्पर्धेत काही वर्षांनी एकदा डब्ल्यूआरटीसी होते, जगातल्या निवडक ऑपरेटरांची. २०१४ साली ती अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात झाली, २०१८ साली जर्मनीत. सगळ्यांना सारखंच स्टेशन मिळालं: शंभर वॅट, सुमारे बारा मीटर उंचीवर एक ट्रायबँडर (तीन बँडचा फिरता बीम अँटेना), खालच्या बँडना डायपोल. मोकळं माळरान आणि फिरता बीम ही चैन तुमच्याकडे नाही, हे मी लपवत नाही. पण पॉवर तुमच्याएवढीच होती आणि २४ तासांत दोघादोघांच्या संघांनी हजारोंनी क्यूएसओ केले.

राहता राहिला लॉग. ३४ ओळींचा असला तरी पाठवायचाच. तुम्ही ज्या ३४ जणांशी बोललात त्यांचे क्यूएसओ तुमच्या लॉगशी ताडून बघतात, आणि तुमच्या चुकाही त्यांच्या लॉगवरूनच सापडतात. निकालानंतर त्या चुकांचा अहवाल मिळतो, कुठला कॉलसाइन चुकला, कुठला झोन, सगळं. मी तो अहवाल दर वर्षी छापून शॅकच्या (रेडिओच्या खोलीच्या) भिंतीवर लावते. कॅब्रिलो नावाच्या साच्यातली फाईल सॉफ्टवेअरच तयार करून देतं, आणि स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांच्या आत ती साइटवर चढवायची असते. चढवण्याआधी एकच करा: पहिल्या ओळीतली वेळ बघा, ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे ना. माझ्या पहिल्या लॉगमध्ये संगणकाचं घड्याळ घरच्या वेळेवर होतं. ६१ क्यूएसओ, एकूण एक काही तासांनी सरकलेले. आयोजकांचा मेल आला तोवर मी सगळ्यांना आकडा सांगून झाले होते.